उड्डाणयोग्यता निर्देश : विमान इंजिनांतील सक्तीच्या सुधारणा

विमान, त्याचे इंजिन, प्रोपेलर किंवा एखादे उपकरण यांत धोकादायक उणीव आढळल्यावर नागरी विमान वाहतूक नियामकाने काढलेला, कायद्याने बंधनकारक असलेला आदेश. कोणत्या मॉडेलच्या, कोणत्या अनुक्रमांकाच्या इंजिनांना तो लागू आहे, त्यांतला कोणता भाग तपासायचा, बदलायचा किंवा सुधारायचा आणि ते काम कधीपर्यंत संपवायचे, हे त्यात सांगितलेले असते. मुदत उलटली आणि काम झालेले नसेल, तर ते विमान उडवणे बेकायदा ठरते. मुंबईच्या हँगरमध्ये या आदेशाला ‘एडी’ (एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह) म्हणतात. पुढे या नोंदीतही तेच नाव वापरले आहे.

एडीतला महत्त्वाचा मजकूर कोणता, असे विचारले तर पुष्कळ जण दुरुस्तीच्या वर्णनाकडे बोट दाखवतील. पण ते वर्णन बहुधा इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये, म्हणजे तपासणी-दुरुस्ती सुचवणाऱ्या पत्रकात, आधीच आलेले असते. नियामक त्यात सक्ती आणि मुदत घालतो. प्रवाशाचा जीव वाचतो तो या दोन गोष्टींनी.

दोष उशिरा का कळतात

नव्या इंजिनाला प्रमाणपत्र मिळण्याआधी त्याच्या कठोर चाचण्या होतात. इंजिन पूर्ण वेगात असताना पंख्याचे एक पाते मुद्दाम तोडले जाते आणि बाहेरचे कवच त्याला आत अडवते का, हे पाहिले जाते. पण पाती ज्या चकतीवर बसवलेली असतात ती चकतीच फुटली, तर तिचे तुकडे कोणतेही कवच थोपवू शकत नाही. म्हणून चकत्या, दांडे अशा भागांना ठरावीक आयुष्य दिलेले असते आणि ते सायकलींत मोजतात. एक उड्डाण आणि एक अवतरण मिळून एक सायकल. मुंबई-गोवा फेऱ्या मारणाऱ्या विमानाच्या सायकली झपाट्याने वाढतात. मुंबई-लंडन उडणाऱ्या विमानाचे तास भराभर वाढतात, सायकली सावकाश.

प्रयोगशाळेत न दिसलेली चीर हजारो सायकलींनंतर दिसू लागते. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-10 विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची चकती हवेत फुटली. तुकड्यांनी विमानाचे नियंत्रण चालवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या, विमान सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळले आणि 112 जण दगावले. टायटॅनियम ओतताना धातूत राहिलेला एक सूक्ष्म दोष 17 वर्षांहून अधिक काळ त्या चकतीत होता. त्यातून वाढलेली चीर तपासणीत निसटली होती. इंजिनांच्या फिरत्या भागांकडे नियामक आज ज्या काटेकोरपणे पाहतात, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

सक्ती आणि मुदत

अमेरिकेत एडीचा कायदेशीर आधार संघीय नियमावलीचा 39वा भाग आहे. तिथली फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, सर्वसाधारणपणे आधी मसुदा प्रसिद्ध करते, विमान कंपन्यांच्या हरकती मागवते आणि मग अंतिम आदेश काढते. युरोपात हे काम ईएएसए ही संस्था करते. धोका तातडीचा असेल तर मसुद्याची पायरी गाळून आणीबाणीची एडी काढता येते. कधी काम ‘पुढील उड्डाणापूर्वी’ करायचे असते, कधी अमुक सायकलींच्या आत, कधी तारखेच्या आत. काही एडी ठरावीक अंतराने तीच तपासणी पुन्हा करायला लावतात, आणि सुधारित भाग बसवला की त्या तपासणीतून सुटका होते. कंपनीला दुसरा तितकाच सुरक्षित मार्ग सुचवता येतो, पण त्याला नियामकाची लेखी मंजुरी लागते.

मुदतीचे मोल सीएफएम-56-7बी या इंजिनाच्या प्रकरणात दिसले. हे बोइंग 737 नेक्स्ट जनरेशन विमानांचे इंजिन असून भारतात जेट एअरवेज, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेस यांनी ते वापरले. ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीच्या विमानात अशा इंजिनाचे पंख्याचे एक पाते मुळाशी तुटले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पाते चकतीच्या खाचेत जिथे अडकते, तिथे धातूच्या थकव्याने चीर पडली होती. उत्पादकाने तपासणी सुचवली. एफएएने ती सक्तीची करण्याचा मसुदा ऑगस्ट 2017 मध्ये काढला आणि हरकतींचा काळ सुरू झाला. अंतिम आदेश निघण्यापूर्वीच, 17 एप्रिल 2018 रोजी, साउथवेस्टच्याच न्यूयॉर्क-डॅलस विमानात तसेच पाते तुटले. त्या पात्याच्या 32,636 सायकली झालेल्या होत्या. इंजिनाच्या आवरणाचे तुकडे उडून खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. तीनच दिवसांनी आणीबाणीची एडी निघाली : 30,000 हून अधिक सायकली झालेल्या इंजिनांची पाती 20 दिवसांत अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या, पद्धतीने तपासा. जे काम वीस दिवसांत करून घेता येत होते, ते पहिल्या घटनेनंतर वीस महिने तपासात, मसुद्यात आणि हरकतींत अडकले होते. विमान कंपन्यांचे म्हणणे ऐकून घेणे योग्यच आहे; पण ऐकण्यालाही मुदत हवी, हे या प्रकरणानंतर कोणाला पटवून द्यावे लागू नये.

त्या एडीचा क्रमांक 2018-09-51. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा त्या वर्षातील पंधरवड्याचा, तिसरा अनुक्रमाचा. आणीबाणीच्या आदेशांचा अनुक्रम 51 पासून सुरू होतो. जाणत्या इंजिनिअरला क्रमांक वाचूनच घाई कळते.

भारतातील व्यवस्था

आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाणाविषयीच्या 1944 च्या शिकागो कराराच्या आठव्या परिशिष्टानुसार ज्या देशात विमानाचा किंवा इंजिनाचा आराखडा तयार झाला, तो देश सक्तीची सुरक्षा माहिती प्रसृत करतो आणि ज्या देशात विमान नोंदवलेले आहे, तो देश ती लागू करतो. भारतातील बहुतेक प्रवासी विमाने आणि त्यांची इंजिने परदेशी असल्यामुळे मुंबईत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक एडी एफएएच्या वॉशिंग्टन किंवा ईएएसएच्या कोलोन इथून आलेल्या असतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, आपल्या ‘नागरी उड्डाण आवश्यकता’ या नियमांद्वारे त्या इथे बंधनकारक करते. 1934 च्या विमान अधिनियमाची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे.

परदेशी आदेशाची वाट न पाहता किंवा त्याहून कडक मुदत घालूनही डीजीसीए हुकूम काढू शकते. या अधिकाराचा सर्वांत ठळक वापर एअरबस ए-320 निओ विमानांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांबाबत झाला.

9 फेब्रुवारी 2018 रोजी ईएएसएने या विमानांसाठी आणीबाणीची एडी काढली. 450 आणि त्यापुढील अनुक्रमांकांच्या इंजिनांत हवा दाबणाऱ्या उच्चदाब कॉम्प्रेसरच्या मागच्या भागातील एक सील तुटत होते. दोन्ही इंजिने अशी असलेले विमान उडवू नये, असे बंधन त्यात होते. मार्चमध्ये अहमदाबादहून लखनौला निघालेले इंडिगोचे विमान इंजिनातील बिघाडामुळे परतले आणि 12 मार्चला डीजीसीएने एक जरी तसे इंजिन असेल तरी विमान जमिनीवर ठेवायला सांगितले. इंडिगोची 8 आणि गोएअरची 3 विमाने एका दिवसात थांबली. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. रिकामे स्लॉट (उड्डाण-अवतरणाच्या ठरवून दिलेल्या वेळा) आणि राखीव विमाने दोन्ही इथे दुर्मीळ. त्यामुळे रद्द झालेल्या फेऱ्यांचे प्रवासी सामावून घेणे फार जड जाते. तरीही तो निर्णय योग्य होता. दुसरे इंजिन चांगले आहे हा दिलासा अरबी समुद्रावरून वळण घेणाऱ्या विमानाला पुरेसा नाही.

पुढच्या वर्षी त्याच इंजिनाच्या कमी दाबाच्या टर्बाइनची तिसऱ्या टप्प्यातील पाती तुटू लागली. सुधारित पाती वेगळ्या धातूची होती. डीजीसीएने नोव्हेंबर 2019 मध्ये इंडिगोला 97 विमानांची इंजिने 31 जानेवारी 2020 पर्यंत बदलायला सांगितले. सुधारित इंजिने तेवढ्या वेगाने मिळेनात, तेव्हा मुदत 31 मेपर्यंत आणि नंतर ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. मुदतवाढीवर तेव्हा टीका झाली. पण जुनी इंजिने टप्प्याटप्प्याने खरोखर बदलली जात होती. कागदावरची तारीख आणि कारखान्याची क्षमता यांचा मेळ घालणे हा नियामकाच्या कामाचा अवघड भाग आहे.

जुलै 2023 मध्ये तिसरा दोष पुढे आला. टर्बाइनच्या चकत्या धातूच्या भुकटीपासून बनवतात. 2015 च्या अखेरीपासून 2021 च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत वापरलेल्या भुकटीत परके कण मिसळले होते आणि त्यांच्याभोवती चिरा पडण्याची भीती होती. एफएएच्या एडीने चकत्यांची अल्ट्रासोनिक तपासणी सक्तीची केली. त्यासाठी इंजिन उतरवून पूर्ण उघडावे लागते. 2024 च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने जमिनीवर होती.

त्याआधीच, 2 मे 2023 रोजी, वरळीत मुख्यालय असलेल्या गो फर्स्टने, म्हणजे पूर्वीच्या गोएअरने, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. इंजिने न मिळाल्यामुळे निम्मा ताफा उभा असल्याचे कारण कंपनीने दिले. प्रॅट अँड व्हिटनीने ते नाकारले. 20 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. सदोष भागाची किंमत शेवटी पगार थांबलेल्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते. ती टाळण्याची जागा आराखड्याच्या आणि उत्पादनाच्या टेबलावर आहे. एडी सैल करणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

सल्ला आणि आदेश

सर्व सुरक्षा सूचना एडी नसतात. एफएए काही वेळा विशेष माहितीपत्रक काढते, ते केवळ सल्ला असते. डिसेंबर 2018 च्या अशा पत्रकात बोइंगच्या काही विमानांतील इंधन स्विचांच्या लॉकची तपासणी सुचवली होती. 12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 ड्रीमलायनर कोसळून विमानातील 241 आणि जमिनीवरील 19 जण मृत्युमुखी पडले. प्राथमिक अहवालात नमूद झाले, की सूचना सक्तीची नसल्यामुळे कंपनीने ती तपासणी केलेली नव्हती. लॉकमधील दोष हे अपघाताचे कारण असल्याचे त्या अहवालाने म्हटलेले नाही. 14 जुलैला डीजीसीएने ही तपासणी 21 जुलैपर्यंत सक्तीची केली आणि ती एका आठवड्यात उरकली. एअर इंडियाला आपल्या विमानांत दोष आढळला नाही.

ड्रीमलायनर विमानांच्याच जीईएनएक्स-1बी इंजिनासाठी एफएएने 2016 मध्ये काढलेली एडी अभ्यासण्यासारखी आहे. पंख्याच्या पात्यांवर साचलेला बर्फ झडल्यावर पाती कवचाच्या अस्तराला घासत. जानेवारी 2016 मध्ये असे एक इंजिन हवेत बंद पडले ते पुन्हा सुरू झाले नाही; दुसरे जुन्या घडणीचे असल्यामुळे विमान उतरू शकले. एकाच कारणाने दोन्ही इंजिने जाऊ नयेत म्हणून निदान एका इंजिनाचे अस्तर 150 दिवसांत घासून फट वाढवावी किंवा तिथे जुन्या घडणीचे इंजिन बसवावे, असा आदेश निघाला. दोन्ही इंजिने एकदम मागितली असती तर बरीच विमाने थांबली असती. धोक्याचे नेमके मूळ ओळखून तेवढ्यावरच सक्ती करणारी ही एडी उत्तम लिखाणाचा नमुना आहे.

मुंबईतील काम

कालिन्याच्या बाजूला, सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर, एअर इंडियाचा देखभाल तळ उभा राहिला. इंजिन दुरुस्तीची कार्यशाळा, तिथल्या वसाहती आणि पिढ्यान्‌पिढ्या याच कामात असलेली मराठी कुटुंबे यांमुळे हा पट्टा देशातील विमान देखभालीचे जुने केंद्र आहे. जानेवारी 2022 मध्ये विमान कंपनी टाटांकडे गेली. देखभाल करणारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी सरकारकडेच राहिली. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या इंजिनांनाही एडी लागू होतात.

एडी निघाली की कंपनीचा उड्डाणयोग्यता व्यवस्थापन विभाग आधी ती आपल्या इंजिनांना लागू आहे का, हे अनुक्रमांकांनुसार पाहतो. मग टास्क कार्ड तयार होते आणि रात्रीच्या पाळीत काम सुरू होते. बोरोस्कोपची, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेल्या उपकरणाची, नळी आत घालून पाती पाहतात; पृष्ठभागावरची चीर फ्लुओरेसंट द्रव लावून अतिनील प्रकाशात शोधतात; आतली चीर अल्ट्रासोनिक तपासणीने आणि पृष्ठभागालगतची एडी करंट तपासणीने. या दुसऱ्या ‘एडी’चा आदेशाशी काही संबंध नाही. शेवटी परवानाधारक इंजिनिअर लॉगबुकात एडीचा क्रमांक, पद्धत आणि त्या वेळचे तास-सायकली लिहून सही करतो. चूक निघाली तर परवाना त्याचा जातो. पहाटेच्या पहिल्या फेरीसाठी विमान मागणाऱ्या वरिष्ठांना ‘अजून सही होणार नाही’ असे सांगणाऱ्या इंजिनिअरवर ही सगळी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी आहे, आणि त्याला हवा तेवढा मान आपल्याकडे मिळत नाही.

उभ्या विमानांचा प्रश्न वेगळा असतो. उडत नसलेल्या विमानाचे तास आणि सायकली थांबतात, पण तारखेवर बेतलेल्या मुदती चालूच राहतात. शिवाय समुद्राची खारी, दमट हवा उघड्या धातूला गंजवते, म्हणून इंजिनांची तोंडे झाकून त्यांची स्वतंत्र निगा राखावी लागते. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गो फर्स्टच्या 54 विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितल्यावर ती भाडेमालकांकडे परतू लागली. अशा विमानाला पुन्हा उडण्याआधी मधल्या काळात निघालेली प्रत्येक लागू एडी मुदतीनुसार पूर्ण करावी लागते आणि इंजिनाच्या प्रत्येक चकतीच्या सायकलींचा हिशेब ती बनली त्या दिवसापासून दाखवावा लागतो. मधली एक नोंद जरी गहाळ असली, तरी ती चकती काढून ठेवावी लागते.