१६, १८ की २४: घरगुती मूव्ही कॅमेऱ्यातला फ्रेम रेट आला कुठून

कोडॅकने हौशी लोकांसाठी १९२३मध्ये १६ मिमी आणि १९३२मध्ये ८ मिमी फिल्म आणली. दोन्हींचा नेहमीचा वेग सेकंदाला १६ फ्रेम. बोलपटाला आवाजासाठी फिल्म एकसारख्या आणि पुरेशा वेगाने पळायला हवी होती, म्हणून थिएटरचा सिनेमा २४वर स्थिरावला. मुक्या घरगुती फिल्मला जास्त फिल्म जाळण्याचं कारण नव्हतं.

१६वरही पडदा फारसा लुकलुकत नसे, कारण प्रोजेक्टरच्या शटरला (प्रकाश अडवत फिरणाऱ्या चकतीला) तीन पाती असत. एकेका फ्रेमवर प्रकाश तीनदा पडे, म्हणजे सेकंदाला ४८ वेळा. थिएटरमध्ये २४ फ्रेम प्रत्येकी दोनदा, तेही ४८च. पण कॅमेरा भरकन फिरवल्यावर येणारा तुटकपणा मात्र शटरने जात नाही.

१९६५ला सुपर ८ ही नवी ८ मिमी फिल्म आली आणि वेग १८ झाला. ५० फुटी कार्ट्रिजमध्ये ३६०० फ्रेम: १८ने ३ मिनिटं २० सेकंद, २४ने अडीच मिनिटं. बहुतेकांनी १८ निवडलं ते या ५० सेकंदांसाठी. शिवाय २४वर प्रत्येक फ्रेमला पाऊणच प्रकाश मिळतो. अ‍ॅपर्चर हाताने लावायचं असेल तर लेन्सचं छिद्र साधारण अर्धा स्टॉप उघडावं लागतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

१९७३मध्ये फिल्मच्या कडेला आवाजाची चुंबकीय पट्टी आली आणि संकलनाची पंचाईत झाली. आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे मुद्रित होई. शॉटची सुरुवात कापली की पहिल्या १८ फ्रेमचा आवाज कापलेल्या तुकड्यासोबत जाई. १८च्या वेगाने हा अख्खा एक सेकंद, २४ने पाऊण. आवाज घ्यायचा तर २४च बरं असे, तिथे काटकसर महागात पडे.

चावीच्या कॅमेऱ्यात प्रत्येक शॉटआधी पूर्ण चावी द्यावी. स्प्रिंग ढिली पडत गेली की वेग घटतो, फ्रेम जास्त उजळतात आणि पडद्यावर माणसं धावू लागतात. १८ने काढलेली फिल्म २४ने दाखवली तरी तेच, हालचाल एक तृतीयांश जलद.

टीव्हीसाठी फिल्म उतरवताना भारतासारख्या पॅल (सेकंदाला २५ चित्रांची टीव्ही पद्धत) देशांत प्रोजेक्टर १६⅔ फ्रेमवर लावत. तीन पात्यांमुळे ५० झपके होतात आणि ते व्हिडिओच्या सेकंदाला ५० फील्डशी (अर्ध्या चित्रांशी) जुळतात. १८ची फिल्म त्यात किंचित संथ दिसते. आजचे स्कॅनर फ्रेम एकेक करून टिपतात, त्यामुळे फाइलला मूळ वेग तेवढा बरोबर द्यायचा.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म वाचवायची नसते, दिवे मात्र तेच आहेत. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटर असेल तर चित्रावर पट्टे सरकतात. २५ फ्रेमला १/५०, आणि ३० हवेच असतील तर १/१००.