मानसोपचाराची पहिली भेट

मानसशास्त्रज्ञाकडे संवादातून उपचार सुरू करताना होणारी प्राथमिक भेट. तिचा कालावधी साधारणपणे 45 ते 60 मिनिटांचा असतो. या भेटीत उपचारापेक्षा विचारपूसच अधिक होते, त्यामुळे ‘नुसतेच प्रश्न विचारले’ असे वाटून अनेकजण दुसऱ्या भेटीला जात नाहीत. हे फार नुकसानकारक आहे, कारण पुढच्या उपचाराची दिशा याच प्रश्नांतून ठरते.

त्रास कधी सुरू झाला, झोप-भूक कशी आहे, घरात कोण कोण आहे, पूर्वी कुणाला असा आजार होता का, शारीरिक आजार, औषधे व व्यसने यांची माहिती घेतली जाते. काही ठिकाणी प्रश्नावली भरून घेतात. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-9’मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. तो थेट विचारला गेला म्हणून दचकू नये. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट मनात असतील तर ते सांगायला वाट मिळते.

आपल्याकडे बरोबर आई-वडील किंवा जोडीदार येतात आणि ‘तुम्हीच समजावा याला’ म्हणून मोकळे होतात. तज्ज्ञ त्यांचेही ऐकून घेतात, पण प्रौढ व्यक्तीशी एकट्याने बोलण्याचा वेळ राखून ठेवतात. तो मिळाला नाही तर मागून घ्यावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद त्यात आहेत. चांगला तज्ज्ञ ते अपवाद सुरुवातीलाच सांगतो.

प्रश्न विचारण्याचा अधिकार येणाऱ्यालाही आहे. शिक्षण काय, उपचारपद्धती कोणती, फी किती, भेट रद्द केल्यास काय, हे सारे निःसंकोच विचारावे. चिकित्सा (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञाची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. औषधे मात्र मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवी असलेला डॉक्टर देतो. गरज भासल्यास त्यांच्याकडे पाठवले जाते.

पुढील भेटींचे स्वरूप पद्धतीनुसार बदलते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे त्रासदायक विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीत, घरचा अभ्यास असतो. ‘साहेबांनी मीटिंगमध्ये टोकले’ ही घटना एका रकान्यात, ‘मी कुचकामीच आहे’ हा विचार दुसऱ्यात, त्यातून आलेली उदासी तिसऱ्यात असे लिहून आणायचे आणि मधला विचार कितपत खरा आहे ते दोघांनी मिळून तपासायचे. सल्ला किंवा तयार उत्तर मिळेल या अपेक्षेने आलेल्यांना हे सुरुवातीला जड जाते. जुन्या जखमांवर बोलल्यावर एखाद्या भेटीनंतर अधिकच अस्वस्थ वाटणेही स्वाभाविक आहे. ते पुढच्या भेटीत आवर्जून सांगावे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये उपचारसंबंधाचे, म्हणजे तज्ज्ञ आणि उपचार घेणारा यांच्यातील नात्याचे, तीन घटक सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, कामांवर एकमत आणि परस्परांतील विश्वास. तीन-चार भेटींनंतरही हा विश्वास जमत नसेल, तर तसे बोलून दाखवावे किंवा तज्ज्ञ बदलावा. त्यात कुणाचा अपमान नाही. आणि भेटीच्या तारखेपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.