लॉगबुक भरलं, पण हात तयार झाला का?

एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पोटाच्या आतली तपासणी, शिकणाऱ्या रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) घरचे, सोबतचे, कधी परीक्षकही पहिला प्रश्न हाच विचारतात: ‘आतापर्यंत किती केल्यास?’ आकडा मोठा असला की हात बसला असं आपण धरून चालतो. पण तपासण्यांची मोजणी वेगळी आणि तपासणी जमते का याची पारख वेगळी. या दोन्हींची गल्लत झाली की ती रुग्णाच्या अंगावर येते.

लॉगबुकात, म्हणजे केलेल्या तपासण्यांच्या नोंदवहीत, तारीख, रुग्णाचा नंबर, निदान आणि सरांची सही असते. शिकायची संधी मिळाली एवढंच त्यातून कळतं. तेही महत्त्वाचं आहे, कारण संधीच न मिळालेल्याची पारख करणार तरी कशी?

पण कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत, नेमकं काय घडतं ते बघा. दुर्बीण (स्कोप) सिग्मॉइडच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या नागमोडी भागाच्या, वळणात शिरते आणि तिथे तिचा वेढा बसतो. बाहेरून नळी आत सरकत असते, पण पडद्यावरचं दृश्य पुढे जात नाही, कधी उलट मागेच येतं. कच्चा हात इथे जोर लावतो. आतडं ताणलं जातं आणि रुग्ण कळवळतो. तयार हात थांबतो, नळी मागे ओढत फिरवून वेढा सोडवतो, सिस्टरना पोट दाबून धरायला सांगतो, नाहीतर रुग्णाला कुशीवर वळवतो. कच्च्याच्या हातून सरांनी स्कोप घेऊन पुढचं काम पुरं केलं, तरी दोघांच्याही लॉगबुकात नोंद सारखीच: कोलोनोस्कोपी, 1.

हा फरक दिसतो तो शेजारी उभं राहून पाहिल्यावर. ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘डॉप्स’ (प्रत्यक्ष काम बघून कौशल्य पारखणं) नावाची पद्धत रुळली आहे. जाणता डॉक्टर पूर्ण तपासणी बघतो आणि फॉर्म भरतो: आधीची तयारी, प्रत्यक्ष काम, नंतरची काळजी, शिवाय टीमशी बोलणं आणि निर्णय घेणं. प्रत्येक बाबतीत या डॉक्टरला अजून किती देखरेख लागते ते नोंदवायचं. अशी बरीचशी निरीक्षणं शिकवण्यासाठी असतात, पास-नापास ठरवण्यासाठी नव्हे. माझ्या मते खरा फायदा यांचाच, कारण चूक त्याच दिवशी सांगितली जाते.

आकड्यांबद्दलही एक गैरसमज आहे. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेने कोलोनोस्कोपीसाठी 140 हा आकडा दिला होता तो ‘इतक्या झाल्याशिवाय पारख करूच नका’ या अर्थाने. लोकांनी त्याचं प्रमाणपत्र करून टाकलं. पुढे 2011 मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या अभ्यासात पुरेसं कौशल्य यायला सरासरी 275 च्या आसपास तपासण्या लागल्या. कुणाचा हात लवकर बसतो, कुणाचा उशिरा. म्हणून कुणाच्या मदतीशिवाय मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, निदान 90 टक्के वेळा पोचतो का, हे विचारलेलं बरं. पोचल्याचा पुरावा म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो. परत येतानाही घाई नको. निदान 6 मिनिटं नीट बघत यायचं ही जुनी अट, 2024 च्या अमेरिकन शिफारशीत ती 8 झाली. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या गाठी, सापडतात ते याच परतीच्या वाटेवर.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघायला हवी. बेळगावात खानापूर, निपाणी, चंदगडकडून रुग्ण येतात, तसेच गोकाक आणि बैलहोंगलकडूनही. ‘मावशी, पोट गच्च वाटलं तर हात वर करा’ हे एकीला मराठीत सांगावं लागतं, दुसरीला कानडीत ‘अज्जी, नोवु आगतदेनु?’ (आजी, दुखतंय का?) असं विचारावं लागतं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या रेसिडेंटने संमतिपत्रावर नुसता अंगठा घेतला की समजावून सही घेतली, हे लॉगबुकात कुठेच दिसत नाही. डॉप्समध्ये मात्र संमती आणि रुग्णाचा त्रास या दोन्हींची दखल घेतली जाते.

वेगळे फॉर्म छापायला वेळ नसेल, तर निदान आहे त्याच लॉगबुकात दोन रकाने वाढवता येतील: स्वतःच्या हाताने कुठपर्यंत पोचला, आणि स्कोप कुणी, का घेतला.