घंटेचा वक्र आला तो आकडेमोड वाचवायला

द्विपद, पॉयसाँ आणि प्रसामान्य ही तीन वितरणे, म्हणजे कोणत्या निकालाची शक्यता किती हे सांगणाऱ्या मांडण्या, वर्गात तीन सुटी सूत्रे म्हणून भेटतात आणि मुले ती तशीच पाठ करतात. इतिहासात मात्र पहिल्यातूनच उरलेली दोन निघाली.

ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश येईल याची शक्यता सांगणाऱ्या द्विपद वितरणाचा पाया गणिती याकोब बर्नुलीने घातला. त्याचा ग्रंथ 1713 मध्ये, म्हणजे तो गेल्यावर आठ वर्षांनी छापला गेला. सूत्र सोपे आहे, पण आकडे घालायला गेलो की घाम फुटतो. नाणे 100 वेळा उडवून नेमके 50 छापे पडण्याची संभाव्यता हवी, तर 100! ला (म्हणजे 1 ते 100 या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराला) 50! च्या वर्गाने भागा, शिवाय 2 च्या 100 व्या घाताने भागा. तेही कागद-टाकावर!

यातून वाट काढली अब्राहम द म्वाव्रने. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून लंडनला आलेला हा गणिती शिकवण्या करून आणि जुगाऱ्यांना सल्ले देऊन पोट भरायचा. 1733 च्या एका छोट्या लॅटिन टिपणात त्याने मांडलेल्या रीतीने हेच उत्तर 1 भागिले √(50π), म्हणजे 0.0798 येते. नेमके उत्तर आहे 0.0796. घंटेच्या आकाराचा वक्र, म्हणजेच प्रसामान्य वितरण, जन्मला तो असा. माणसांच्या उंचीशी किंवा परीक्षेतल्या गुणांशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. 1809 मध्ये जर्मन गणिती गाउसने तो खगोलनिरीक्षणांतल्या त्रुटींना लावला आणि पुढे बेल्जियमच्या संख्याशास्त्रज्ञ केटलेने माणसांच्या मोजमापांना. नाव मात्र गाउसचे झाले. हा द म्वाव्रवर अन्यायच म्हणायचा.

प्रयत्न पुष्कळ, पण प्रत्येकात यशाची शक्यता अगदी कमी, अशा वेळी द्विपदाचे काय होते, हे फ्रेंच गणिती पॉयसाँने 1837 मध्ये न्यायनिवाड्यांवरच्या ग्रंथात दाखवले. त्याचे हे वितरण खऱ्या अर्थाने गाजले 1898 मध्ये. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविचने प्रशियन सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचे आकडे घेतले. त्यातल्या 10 कोअरच्या (सैन्याच्या मोठ्या तुकड्यांच्या) 20 वर्षांच्या 200 नोंदींत एकूण मृत्यू 122, म्हणजे सरासरी 0.61. एकही मृत्यू नाही अशा नोंदी 109. पॉयसाँचे सूत्र सांगते 108.7. एक मृत्यू 65 नोंदींत, सूत्राने 66.3. दोन मृत्यू 22 नोंदींत, सूत्राने 20.2. एका कोअरमध्ये तर एकाच वर्षी चौघे दगावले. तिथल्या अधिकाऱ्याला कुणीही जाब विचारला असता, पण सूत्राप्रमाणे 200 नोंदींत अशा 0.6 नोंदी अपेक्षितच होत्या.