पऱ्हाटी आणि केळीचा खांब: एका नावाखालचे दोन कच्चे माल

जैवइंधनासाठी शाश्वत कच्चा माल शोधताना खानदेशातील कपाशीची पऱ्हाटी (वेचणीनंतर शेतात उरणाऱ्या झाडांच्या काड्या) आणि केळीचा खांब यांची नोंद बहुधा ‘काडीकचरा’ या एकाच सदरात होते. पीक निघाल्यावर दोन्ही उरतात आणि त्यांच्यासाठी वेगळी जमीन गुंतवावी लागत नाही, एवढे साम्य खरे. पण त्यावर विसंबून प्रकल्प आखला, तर तो फसण्याचीच शक्यता अधिक.

मुख्य फरक पाण्याचा आहे. रावेर-यावलच्या बागांत घड उतरवल्यावर कापलेल्या खांबात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणजे एक टन खांबात कोरडा पदार्थ जेमतेम 100 किलो. उरलेले भाडे आपण पाणी वाहण्यासाठी मोजतो. तो ओलाच जाळायचा म्हटला, तर 900 किलो पाण्याची वाफ करण्यातच, किलोमागे 540 किलोकॅलरी या हिशेबाने, 4,86,000 किलोकॅलरी खर्च होतात. कोरड्या भागातून मात्र, किलोमागे अगदी 4,000 धरल्या तरी, 4,00,000 च मिळतात. इंधन म्हणून हा तोट्याचा धंदा आहे. खांबाचा धागा काढावा, रसाचे द्रवखत करावे (नवसारी कृषी विद्यापीठाने ते केलेले आहे) आणि चोथा बायोगॅस संयंत्रात घालावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. मृगबाग (जून-जुलैची) आणि कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची) अशा दोन लागवडींमुळे हा माल वर्षातून एकदाच येऊन संपत नाही. अट एकच: संयंत्रात गॅस निघाल्यावर उरणारी मळी त्याच बागेत परत गेली पाहिजे. खांबात पालाश (पोटॅश) भरपूर असते आणि आपला देश पोटॅश खतासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे.

पारोळा-अमळनेरकडील पऱ्हाटी याच्या उलट: वाळली की लाकडासारखी, लिग्निन या काष्ठद्रव्याने कठीण. त्यामुळे बायोगॅस संयंत्रातील जिवाणूंना ती सहजी पचत नाही. भुगा दाबून केलेल्या, ‘पांढरा कोळसा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कांड्यांसाठी किंवा पार्टिकल बोर्डासाठी मात्र ती उत्तम.

तिची अडचण साठवणुकीची आहे. वेचणी आटोपली की माल एकदम येतो, कारखान्याला तो बारमाही हवा असतो, आणि रचून ठेवलेल्या पऱ्हाटीवरच्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहून पुढच्या हंगामात बाहेर पडते. म्हणून गंजी न रचता पऱ्हाटीचा लगेच भुगा करणे क्रमप्राप्त ठरते.

शिवाय, ज्या पऱ्हाटीला आपण टाकाऊ म्हणतो, ती अनेक घरांचे सरपण असते. बांधावर पेटवून दिली जाणारी पऱ्हाटी उचलणे योग्यच. पण चुलीसाठी राखलेली विकत घेतली, तर त्या घरातील बाई सरपणासाठी झाडतोडीकडे वळणार, आणि त्या तोडीची नोंद कारखान्याच्या कोणत्याही वहीत होणार नाही.