कॅनिंग स्टॉक रूटच्या विहिरी: थोडी पार्श्वभूमी

कॅनिंग स्टॉक रूट म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून गुरं हाकत न्यायचा जुना रस्ता, आणि त्यावरच्या विहिरींची गोष्ट खरं तर गोचिडापासून सुरू होते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंबर्ली नावाचा गुरांचा मुलूख आहे, त्यातल्या पूर्व भागातल्या गुरांना गोचीड लागली आणि तिच्यामुळे होणारा ताप दक्षिणेत पसरेल या भीतीने ती गुरं बोटीने खाली न्यायला बंदी आली. पश्चिम किंबर्लीवाल्यांची मजाच झाली, मार्केट सगळं त्यांच्या हातात. इकडे दक्षिणेत कूलगार्डी, कॅलगुर्लीला 1892-93 मध्ये सोनं सापडल्यापासून माणसांची झुंबड उडालेली, सगळ्यांना बीफ पाहिजे आणि भाव मात्र आभाळाला. मग 1905 मध्ये जेम्स आयस्डेल नावाच्या, स्वतः पूर्व किंबर्लीतला गुरंवाला आणि वर आमदारही असलेल्या माणसाने डोकं लावलं, की गुरं बोटीने नको, वाळवंटातून चालवतच आणू, कोरड्या हवेत गोचीड आपोआप मरून पडेल.

कल्पना ऐकायला झकास. पण उत्तरेचं हॉल्स क्रीक ते दक्षिणेचं विलुना म्हणजे साधारण 1,850 किमी, मध्ये ग्रेट सँडी, गिब्सन, लिटल सँडी अशी एकामागून एक वाळवंटं आणि वाळूच्या टेकड्या इतक्या की नऊशेच्या वर आकडा सांगतात. डेव्हिड कार्नेगी नावाचा शोधप्रवासी 1896-97 मध्ये याच बाजूने उंट घेऊन जाऊन आला होता आणि इथून गुरांचा रस्ता होणं नाही असं त्याने स्पष्ट सांगून ठेवलेलं. त्याची पाणी शोधायची पद्धत पण वाचण्यासारखी आहे, म्हणजे अंगावर काटा येतो. तिथल्या मूळ रहिवाशांना पकडायचं, खारवलेलं मांस खायला घालायचं, आणि तहानेने जीव कासावीस झाला की ते आपोआप पाण्याकडे नेतात.

तरी सरकारने 1906 मध्ये सर्व्हेला माणूस पाठवलाच. आल्फ्रेड कॅनिंग. सशांना अडवायला जे अफाट लांबीचं कुंपण घातलं त्याचा सर्व्हे यानेच केला होता, त्यामुळे माणूस चिवट होता यात वाद नाही. काम असं की एकेका दिवसाच्या चालीवर, आठशे गुरांना पुरेल एवढं पाणी कुठे मिळेल ते शोधून काढायचं. आता हे पाणी शोधायचं कसं? तिथे मार्तू आणि इतर मूळ रहिवासी हजारो वर्षं राहत होते, त्यांना प्रत्येक झरा, प्रत्येक झिरा, खडकातली प्रत्येक खळगी पाठ, शिवाय कुठलं पाणी बारमाही आणि कुठलं फक्त पावसानंतर हेही. वाळूतल्या झिऱ्याचं तोंड ते फांद्यांनी झाकून ठेवत, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि जनावर पडून सडत नाही. कॅनिंगने सोबत हातकड्या आणि गळ्यात घालायच्या साखळ्या नेल्या होत्या. माणसं पकडून, साखळीने बांधून त्यांच्याकडून पाणी दाखवून घेतलं. म्हणजे 'सर्व्हे' हा शब्द जरा सांभाळूनच वाचायचा.

हे बाहेर आलं ते त्याच्याच टीममधल्या स्वयंपाक्यामुळे, एडवर्ड ब्लेक त्याचं नाव. परत आल्यावर त्याने सरळ तक्रार केली, 1908 मध्ये रॉयल कमिशन बसलं, साखळ्या वापरल्या हे कॅनिंगने कबूलही केलं, आणि तरी कमिशनने त्याला क्लीन चिट दिली. चौकशी समित्यांचा असा निकाल वाचून आपल्याकडच्या कुणाला फार धक्का बसेल असं वाटत नाही.

कमिशन उरकलं आणि त्याच वर्षी खोदकाम सुरू. तीसेक माणसं, 70 उंट, 4 गाड्या, दूध-मांसासाठी 100 बकऱ्या आणि 267 टन सामान. 1910 पर्यंत काम पूर्ण, विहीर नंबर 1 ते 51. सगळं हाताने खोदलेलं. काही ठिकाणी पाणी अगदी वर लागलं तर पाच नंबरला तीस मीटरहून खाली जावं लागलं. वाळू ढासळू नये म्हणून आतून लाकडाचं अस्तर, तेही तिथल्याच झाडांचं, त्यात डेझर्ट ओक म्हणजे आपल्या सुरूच्याच कुळातलं झाड. तोंडावर खांब, खांबाला कप्पी, कप्पीवरून दोर, दोराच्या एका टोकाला मोठी बादली आणि दुसऱ्या टोकाला उंट, उंट लांब चालत गेला की बादली वर येते आणि शेजारच्या पत्र्याच्या लांब डोणीत पाणी ओततात. थोडक्यात आपली मोटच, फक्त बैलाच्या जागी उंट. आणि हे उंट ऑस्ट्रेलियात आले कुठून, तर 1860 च्या दशकापासून मोठ्या संख्येने कराची बंदरातून, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आणि त्यांच्यासोबत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण उंटवाले, ज्यांना तिकडे सरसकट 'अफगाण' म्हणून टाकलं.

आता या डिझाइनमधली मेख बघा, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. यातल्या बऱ्याच विहिरी लोकांच्या जुन्या पाणवठ्यांवर किंवा त्यांना लागूनच खोदल्या होत्या. जिथे आधी गुडघे टेकून ओंजळीने पाणी घेता यायचं तिथे आता खोल चौकोनी खड्डा, आणि पाणी काढायचं तर उंट नाहीतर भरपूर माणसं पाहिजेत. म्हणजे गुरांना पाणी मिळणार, पण ज्यांचं पाणी त्यांनाच नाही.

1911 मध्ये पहिले बैल निघाले आणि 37 नंबरच्या विहिरीपाशी गुरं हाकणारे थॉमसन, शूस्मिथ आणि त्यांच्यासोबतचा एक मूळ रहिवासी गुराखी असे तिघेही मारले गेले. त्यांची थडगी तिथेच आहेत. मागून सार्जंट पिल्मरची पोलीस तुकडी आली 'बंदोबस्त' करायला आणि निदान दहा मूळ रहिवासी मारले. त्यांची थडगी कुणी बांधली नाहीत. विहिरींची मोडतोड, जाळपोळही होत राहिली, आणि एवढा खर्च केलेल्या रस्त्यावरून पुढच्या वीस वर्षांत फक्त आठेक कळप गेले. आयस्डेलच्या हिशेबात हे कुठेच नव्हतं!

1928 ला बीफच्या भावावरून पुन्हा ओरड झाली, पुन्हा रॉयल कमिशन, आणि 1929 मध्ये विल्यम स्नेल याला दुरुस्तीला पाठवलं. मला या सगळ्या प्रकरणात हा माणूस जास्त इंटरेस्टिंग वाटतो. त्याच्या लक्षात आलं की ज्या विहिरीतून तिथल्या लोकांना धोका न पत्करता पाणी काढता येतं त्या शाबूत आहेत, मोडल्यात त्या बाकीच्या. आत उतरताना लोक पडत होते, हातपाय मोडत होते, बुडून मरत होते. मग त्याने काय करावं, तर विहिरींना शिड्या लावल्या. इतकी साधी गोष्ट, आणि वीस वर्षांत कुणाला सुचली नाही की सुचवायची नव्हती, तुम्हीच ठरवा. पण स्नेलने काम अर्धवट सोडलं आणि उरलेलं संपवायला सत्तरीतला कॅनिंग परत गेला, 1931 मध्ये ते पूर्ण झालं.

त्यानंतर थोडी वर्दळ वाढली. दुसऱ्या महायुद्धात जपानी उत्तरेत उतरले तर माणसं-गुरं बाहेर काढायला रस्ता हवा म्हणून विहिरींवर पुन्हा खर्च झाला. शेवटचा कळप 1959 मध्ये गेला. अख्ख्या पन्नास वर्षांत नोंद झालेले कळप चाळीसच्या आतच, गाड्या-ट्रकांनी उरलंसुरलं कामही संपवलं. याच रस्त्यावर 33 नंबरच्या विहिरीजवळ, कुनावारीत्जी भागात, जन्मलेला एक मुलगा आई गेल्यावर गुराख्यांबरोबर उत्तरेला गेला, अनेक वर्षं गुरं हाकली आणि म्हातारपणाकडे झुकताना चित्रं काढायला लागला. रोव्हर थॉमस. 1990 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातर्फे त्याची चित्रं होती.

1968 मध्ये सर्व्हेवाल्यांनी पहिल्यांदा गाडीने हा रस्ता पूर्ण पार केला, त्यानंतर हौशी लोक जायला लागले आणि 1983 मध्ये 26 नंबरची विहीर लाकडी चौकटीसकट पुन्हा उभी केली. बऱ्याच विहिरी मात्र वाळूने भरल्यात. आता मोठ्या पट्ट्यावर मार्तू आणि इतर गटांचे जमिनीचे हक्क कोर्टाने मान्य केलेत, मार्तूंचे 2002 मध्ये, त्यामुळे तिकडे गाडी घालायची तर आधी त्यांचं परमिट काढावं लागतं. आणि वाटेत डिझेल पाहिजे असेल तर 33 नंबरजवळ कुनावारीत्जीच्या वस्तीवर मिळतं, महाग असतं पण मिळतं.