धातूंतले ‘मोकळे’ इलेक्ट्रॉन

मिठाच्या स्फटिकावर हातोडीचा घाव बसला तर त्याचे तुकडे होतात आणि तांब्याच्या तुकड्यावर बसला तर तो नुसता चपटा होतो. मिठातील क्लोरिनचे आयन (म्हणजे प्रभारित अणू) आणि तांब्यातील अणू यांची मांडणी पाहिली तर ती एकाच धर्तीची आहे: घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक. तरीही वागणूक इतकी वेगळी, याचे कारण बंधात आहे. मिठात सोडियमच्या अणूने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला दिलेला असतो आणि धन व ऋण आयन एकाआड एक बसलेले असतात. घावामुळे एक थर दुसऱ्यावरून एका आयनाइतका सरकला, की समान प्रभार समोरासमोर येतात आणि स्फटिक तिथेच दुभंगतो. तांब्यात मात्र प्रत्येक अणूचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचा उरलेलाच नसतो. थर सरकले तरी त्यांना बांधून ठेवणारे सामाईक इलेक्ट्रॉन सगळीकडे असतातच.

या स्थितीला ‘इलेक्ट्रॉनांचा समुद्र’ म्हणण्याची पद्धत आहे. बंध समजावून घेण्यापुरती ती उपमा चालते. पण धातूंमधून वीज कशी वाहते हे विचारले, की ती फारशी उपयोगी पडत नाही. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ८.५ × १०^२८ मुक्त इलेक्ट्रॉन असतात आणि तितकेच धन आयन दाटीवाटीने, एकमेकांपासून अवघ्या ०.२६ नॅनोमीटर अंतरावर उभे असतात. अशा गर्दीत इलेक्ट्रॉन ‘मुक्त’ कसा?

इलेक्ट्रॉनचा शोध लागून तीनच वर्षे झाली असताना, १९०० साली, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ड्रूड यांनी या इलेक्ट्रॉनांना वायूच्या रेणूंसारखे मानले. ते धावतात, आयनांवर आपटतात, दिशा बदलतात आणि विद्युतक्षेत्र लावले की या सैरावैरा धावपळीतच एका दिशेने किंचित सरकतात. एवढ्या साध्या चित्रातून ओहमचा नियम निघाला. त्याहून मोठे यश वेगळेच होते. ठरावीक तापमानाला उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांचे गुणोत्तर बहुतेक धातूंमध्ये जवळपास सारखेच असते, हे वीडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्येच दाखवले होते. उष्णता आणि वीज दोन्ही वाहून नेणारे इलेक्ट्रॉन एकच आहेत, असे मानून ड्रूड यांनी त्या गुणोत्तराचा आकडाही प्रयोगाच्या जवळ आणला.

मात्र हे यश योगायोगाचे होते. इलेक्ट्रॉन खरोखर वायूसारखे असते, तर धातू तापवताना त्यांनीही आपल्या वाट्याची उष्णता घेतली असती आणि तांब्याची उष्णताधारकता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) प्रतिमोल, प्रतिकेल्विन सुमारे २५ जूलऐवजी ३७ जूलच्या आसपास भरली असती. ती तशी भरत नाही. ड्रूड यांनी इलेक्ट्रॉनांची उष्णताधारकता साधारण शंभरपट जास्त धरली होती आणि त्यांच्या वेगाचा वर्ग साधारण शंभरपट कमी. गुणाकारात दोन्ही चुका एकमेकींना झाकून गेल्या. शिवाय गणितात राहिलेल्या दुपटीच्या एका चुकीने तो आकडा प्रयोगाच्या आणखी जवळ सरकला! विज्ञानात बरोबर उत्तर इतक्या वाकड्या वाटेने क्वचितच आले असेल.

१९२७ मध्ये आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी चित्र तेच ठेवले, पण त्याला पुंजयांत्रिकीचे (क्वांटम मेकॅनिक्सचे) नियम लावले. पाउलींच्या १९२५ च्या तत्त्वानुसार ऊर्जेच्या एका अवस्थेत विरुद्ध फिरकीचे (स्पिनचे) जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात, म्हणून इलेक्ट्रॉन तळापासून वरपर्यंत अवस्था भरत जातात. तांब्यात हा भराव सुमारे ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत (हे अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) पोहोचतो, तर खोलीच्या तापमानाला मिळणारी उष्णता फक्त ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातली. खालच्या इलेक्ट्रॉनांना वर सरकायला रिकामी जागाच नसते, त्यामुळे उष्णता घेऊ शकतात ते केवळ काठावरचे मोजके. हे काठावरचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने धावत असतात आणि निरपेक्ष शून्य तापमानालाही थांबत नाहीत. उलट, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर सगळे इलेक्ट्रॉन मिळून पुढे सरकतात ते सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर; मीटरभर अंतराला जवळजवळ चार तास.

गर्दीचे कोडे त्यानेही सुटले नव्हते. खोलीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन दोन टकरींदरम्यान सरासरी ४० नॅनोमीटर जातो, म्हणजे दीडशेच्या आसपास आयनांना न अडखळता ओलांडतो. १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी दाखवून दिले, की इलेक्ट्रॉन ही लहर असल्यामुळे काटेकोर नियमित स्फटिकात ती विखुरतच नाही. रोध निर्माण होतो तो आयनांमुळे नव्हे, तर त्यांच्या मांडणीतल्या बिघाडामुळे: उष्णतेने होणारी कंपने, परके अणू, रिकाम्या राहिलेल्या जागा. तांबे आणि निकेल यांच्या कॉन्स्टंटन या मिश्रधातूची रोधकता तांब्याच्या जवळपास तीसपट आणि निकेलच्याही सुमारे सातपट आहे. दोन्ही घटक सुवाहक, पण कोणत्या जागी कोणता अणू येईल याला धरबंध नाही.

याच नियमित मांडणीमुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे पट्टे पडतात आणि पट्ट्यांमध्ये मोकळी दरी राहते. हिऱ्यात खालचा पट्टा पूर्ण भरलेला आणि दरी ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणून हिरा दुर्वाहक. सिलिकॉनमध्ये दरी १.१ चीच, म्हणून तो अर्धवाहक. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामाने चुंबकीय क्षेत्रात वाहकांचा प्रभार ओळखता येतो. जस्तात तो चक्क धन निघतो. मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सिद्धांतात याला जागाच नव्हती. पट्ट्यांच्या हिशेबात मात्र उत्तर मिळते: पट्टा जवळजवळ भरलेला असला, की त्यातल्या थोड्या रिकाम्या जागाच धन प्रभाराच्या कणांसारख्या वागतात.